आभाळाखालच्या खोल्या: चार्ल्स कोरिया यांच्या वास्तू बघताना

भोपाळच्या श्यामला टेकडीवर भारत भवन शोधत आलेला माणूस पहिल्यांदा हमखास गोंधळतो. पत्ता बरोबर असतो, फाटकावर पाटीही असते, पण इमारत म्हणावी असं काही समोर दिसत नाही. फरसबंद गच्ची, कडेने हिरवळ, मधूनमधून जमिनीतून वर आलेले काँक्रीटचे झरोके आणि त्यांच्या पलीकडे बड्या तलावाचं पाणी. चार पावलं पुढे गेल्यावर पायऱ्या लागतात. त्या उतरल्या की एक चौक येतो, चौकाच्या कडेला दालनांची दारं दिसतात. तिथून आणखी पायऱ्या, आणखी एक चौक. असं करत माणूस तलावाच्या दिशेने खाली खाली जातो आणि मग त्याच्या लक्षात येतं, की मघाशी ज्या हिरवळीवर आपण उभे होतो ते या इमारतीचं छप्पर होतं.

टेकडीचा उतार तलावाकडे आहे. उतारावर इमारत उभी केली असती तर रस्त्यावरून जाणाऱ्याला तलाव दिसला नसता. म्हणून वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सगळी दालनं उतारातच बसवली आणि वरच्या गच्च्या लोकांना फिरायला ठेवल्या. ते काँक्रीटचे झरोके खालच्या दालनांत उजेड आणि हवा नेतात. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते भारत भवनाचं उद्घाटन झालं. चित्र-शिल्पांचं ‘रूपंकर’, कवितेचं ‘वागर्थ’, संगीताचं ‘अनहद’ आणि ब. व. कारंत यांनी उभं केलेलं ‘रंगमंडल’ असे विभाग तिथे झाले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी मध्य प्रदेशातल्या आदिवासी कलावंतांची कामं आणून रूपंकरमध्ये शहरी चित्रकारांच्या कामांच्या बरोबरीने मांडली. जनगढ सिंह श्याम हा पाटनगढचा गोंड तरुण चित्रकार म्हणून जगापुढे आला तो इथूनच. थोर आणि लहान, शहरी आणि रानातलं अशी उतरंड या संस्थेला नको होती. इमारतीलाही समोरची भव्य बाजू नाही, वर चढत जाणारा जिना नाही. संस्थेचा आणि वास्तूचा स्वभाव इतका जुळलेला क्वचितच बघायला मिळतो.

कोरियांची वास्तू बघायची म्हणजे काय करायचं, हे भोपाळमध्ये पटकन कळतं. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला तर हाती फार थोडं लागतं. तिच्यातून चालावं लागतं, मधेच टेकावं लागतं, उन्हाचा आणि वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो. त्यांनी सर्वांत जास्त विचार केला तो छप्पर नसलेल्या जागांचा. चौक, ओटे, गच्च्या, पायऱ्या, सावलीच्या वाटा या त्यांच्या इमारतींच्या मुख्य खोल्या आहेत आणि भिंती त्यांना आधार देण्यापुरत्या आहेत. त्यांच्या सार्वजनिक वास्तूंत आपण आत नेमके कधी आलो, हेही सांगता येत नाही. लोकांना बुजवणारा उंबरठा त्यांनी मुद्दामच ठेवला नाही.

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबादला झाला. घराणं मूळ गोव्याचं. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं विलक्षण वेड होतं आणि रुळांचे आराखडे कागदावर मांडता मांडता आपण नकाशे काढायला शिकलो, असं ते पुढे सांगत. मुंबईत सेंट झेवियर्सला शिकल्यावर ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आणि मग एमआयटीत गेले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं.

तो काळ भारतीय वास्तुकलेत मोठ्या उलथापालथीचा होता. ल कॉर्ब्युझिए चंदीगड उभारत होते, अहमदाबादेत त्यांची घरं आणि संस्कार केंद्र उठत होतं. थोड्याच वर्षांत लुई कान तिथे आयआयएमचं काम हाती घेणार होते. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकून परतले होते, बाळकृष्ण दोशी कॉर्ब्युझिएंच्या हाताखालून आले होते. आधुनिक वास्तुकलेची भाषा सगळ्यांनीच आत्मसात केली होती. मात्र ती भाषा थंड देशांत घडलेली. तिकडे बाहेरच्या हवेपासून बचाव करायचा म्हणून इमारत बंद पेटीसारखी असते, तिला एक दार असतं, माणूस एक तर आत असतो किंवा बाहेर. आपल्याकडे सकाळी ओसरी, दुपारी माजघर, संध्याकाळी अंगण आणि उन्हाळ्यात रात्री गच्ची अशी माणसं दिवसभर घरातल्या घरात जागा बदलत राहतात. कोरियांनी आधुनिक काँक्रीट आणि काटेकोर मोजमाप सोडलं नाही. त्या मोजमापात त्यांनी ओसरीला आणि अंगणाला जागा करून दिली.

याची सुरुवात बघायची तर अहमदाबादला जावं लागतं. साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम मिळालं तेव्हा कोरिया जेमतेम २८ वर्षांचे होते. गांधीजींची पत्रं, छायाचित्रं आणि पुस्तकं ठेवायला इमारत हवी होती, आणि तीही गांधीजी जिथे राहिले त्या ‘हृदय कुंज’च्या शेजारी. त्या साध्या बैठ्या घरापुढे उंच, भारदस्त स्मारक उभं राहिलं असतं तर ते डोळ्यांना खुपलं असतं. दुसरीकडे, आश्रमातल्या जुन्या झोपड्यांची नक्कल केली असती तर सोंग वाटलं असतं.

कोरियांनी ६ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असा एक चौरस घेतला. चार कोपऱ्यांना विटांचे खांब, वर काँक्रीटच्या तुळया, त्यावर चारी बाजूंना उतरतं कौलारू छप्पर आणि खाली दगडी फरशी. असे ५१ चौरस त्यांनी एकमेकांना जोडून पसरवले. काही चौरसांना भिंती आहेत, बरेच चारी बाजूंनी उघडे आहेत आणि काहींना छप्परच नाही. एक चौरस पाण्याचा आहे. मांडणीत ठरावीक समोर-मागे नाही, त्यामुळे बघणारा कुठूनही शिरतो आणि त्याला हवा तसा रेंगाळत जातो.

इथे थांबून मान वर करून तुळई बघावी. ती भरीव नाही. वरून उघडी, दोन्ही कडा उंच असलेली अशी ती पन्हळ आहे. शेजारशेजारच्या दोन छपरांचं पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि तिच्यातूनच वाहून जातं. म्हणजे छप्पर पेलणं आणि पाणी वाहून नेणं ही दोन्ही कामं एकाच तुळईने केली. शिवाय प्रत्येक चौरसाच्या कडेला अशी तुळई तयारच असल्यामुळे पुढेमागे जागा कमी पडली तर तिला लागून नवा चौरस जोडता येतो, जुनं काही तोडावं लागत नाही. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. त्या तिरप्या करून उजेड आणि वारा हवा तेवढा आत घ्यायचा. दिखाव्यासाठी म्हणून इथे काहीच केलेलं नाही. विटा, कौलं, लाकूड, दगड आणि लागेल तेवढं काँक्रीट. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी या संग्रहालयाचं उद्घाटन केलं.

कोरियांच्या कामाची यादी मोठी आहे आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी याहून कितीतरी धाडसी इमारती बांधल्या. तरी पहिली कुठली बघावी असं कुणी विचारलं तर उत्तर साबरमती हेच द्यावं लागेल. आश्रमात जायला पैसे पडत नाहीत. सकाळी लवकर गेलं तर पाण्याच्या चौकाशेजारी बसायला जागा मिळते आणि शाळांच्या सहली यायच्या आत निवांत फिरता येतं. पुढच्या सगळ्या इमारतींची बाराखडी या चौरसांत आहे: उघडं आणि झाकलेलं यांचा खेळ, वळणावळणाची वाट आणि मधे पाणी.

मुंबईकरांना इतक्या लांब जायचीही गरज नाही. दादरच्या गोखले रोडवरून रोज हजारो लोक पोर्तुगीज चर्चच्या बसथांब्यावर चढतात-उतरतात. त्यांतल्या किती जणांनी मान वळवून ते चर्च बघितलं असेल? मूळ चर्च १५९६ मधलं. आजची इमारत कोरियांची, १९७७ मध्ये पूर्ण झालेली. लांबोडका मंडप आणि टोकाला मनोरा असा नेहमीचा घाट इथे नाही. काँक्रीटची वर निमुळती होत गेलेली कवचं जवळजवळ उभी आहेत आणि त्यांच्या मधे उघडे चौक आहेत. कवचाच्या उंचीत गरम हवा वर चढते, वरच्या उघड्या भागातून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूच्या चौकांतून गार हवा आत येते. दमट हवेच्या शहरात शेकडो माणसं एकत्र बसणार, त्यांना वारा हवा, या गरजेतून इमारतीला हा आकार आला. वरून झिरपणाऱ्या प्रकाशात मकबूल फिदा हुसेन यांचं काम बघायला मिळतं. ही रोजच्या प्रार्थनेची जागा आहे, तेव्हा मिस्सा नसताना आणि आवाज न करता जावं, एवढं भान पाहुण्याने ठेवायला हवं.

पणजीची कला अकादमी मात्र अशी चोरपावलांनी बघायची वास्तू नाही. ती गजबजलेली असतानाच बघावी. एका बाजूला कांपालचा हमरस्ता आणि दुसऱ्या बाजूला मांडवी. रस्त्याला समांतर पसरलेली बैठी इमारत. रस्त्यावरून आत वळलं की डोक्यावर तुळयांची जाळीदार सावली येते आणि तीच सावली माणसाला सरळ नदीकाठापर्यंत घेऊन जाते. मधल्या मोठ्या जागेला दारच नाही. नाटकाचं तिकीट काढलेलं असो वा नसो, कुणीही रस्त्यावरून शिरून पायऱ्यांवर टेकावं, नदीवर जाऊन वारा खावा आणि घरी जावं, हे कोरियांच्या आराखड्यातच होतं. संगीत शिकायला आलेली मुलं, तालमीला निघालेले नट, गप्पा मारायला आलेले निवृत्त शिक्षक, नदीवरच्या बाकांवर बसलेली जोडपी अशी सगळी वर्दळ एकाच वाटेवरून होते. १९८३ मध्ये ही वास्तू पूर्ण झाली.

तिच्या मुख्य नाट्यगृहाला मंगेशीत जन्मलेल्या मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले. त्यामुळे अगदी रिकाम्या नाट्यगृहातही नटाला भरलेल्या बाल्कनीसमोर उभं राहिल्यासारखं वाटे. गोव्यात नाटकाचं वेड किती खोलवर आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी गावागावांतल्या हौशी मंडळांनी या रंगमंचावर प्रयोग केले आहेत. कोंकणी नाटक, तियात्र, भजनी स्पर्धा, पाश्चात्त्य संगीत या सगळ्यांचं हेच घर.

म्हणूनच या वास्तूची गेल्या काही वर्षांत झालेली परवड मनाला लागते. २०१९ मध्ये तिथलं खुलं नाट्यगृह पाडण्याची भाषा सुरू झाली तेव्हा कलावंत, वास्तुरचनाकार आणि साधे नागरिक तिच्या बाजूने उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे नूतनीकरण सुरू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्याच वर्षाच्या अखेरीस अकादमी पुन्हा उघडली, पण कामाच्या दर्जाबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी थांबल्या नाहीत. काँक्रीटला समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसत नाही, त्याची देखभाल सतत करावी लागते. जुन्या देवळाची किंवा वाड्याची डागडुजी करताना जी काळजी घ्यायची असते, तीच १९८३ च्या इमारतीलाही लागते, हे आपल्याकडे अजून पुरतं रुजलेलं नाही. चाळीस वर्षांची इमारत आपल्या लेखी फक्त जुनाट होते, वारसा होत नाही. हा दृष्टिकोन बदलायला हवा. गोव्याला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने किनाऱ्यांच्या वेळापत्रकातून एक संध्याकाळ कांपालसाठी काढावी आणि जमलं तर तिथे एखादा प्रयोग बघावा.

पुण्यात कोरियांचं काम बघायचं तर दिवस निवडावा लागतो. आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली आयुका, विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात आहे. ही संशोधन संस्था असल्याने एरवी तिथे परवानगीशिवाय हिंडता येत नाही. पण दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिची दारं सगळ्यांना उघडी असतात आणि त्या दिवशी पुण्या-पिंपरीतली शाळकरी मुलं आईवडिलांना ओढत तिथे येतात. विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही होतात.

संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी ही संस्था उभी केली ती विश्वाचा अभ्यास करणाऱ्या देशभरातल्या माणसांनी एकत्र यावं म्हणून. अशा संस्थेची इमारत कशी असावी? कोरियांनी उत्तरासाठी आकाशाकडे आणि पायाखालच्या दगडाकडे एकदमच बघितलं. प्रवेशाजवळच्या भिंतींपाशी थोडं थांबून वरपर्यंत नजर न्यावी. खाली पुण्याचा ओळखीचा काळा दगड आहे, खडबडीत घडवलेला. त्याच्यावर कडप्पा, जास्त काळा आणि गुळगुळीत. सर्वांत वर तकतकीत घासलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग आणि आभाळ उमटतं. भिंत जसजशी वर जाते तसतशी काळोखी वाढते आणि टोकाला ती आकाशात मिसळून जाते. सह्याद्रीच्या दगडापासून अंतराळाच्या काळोखापर्यंतचा प्रवास एवढ्या एका भिंतीत साधला आहे.

आत मधोमध मोठं कुंड आहे. देवळापुढच्या कुंडासारख्या पायऱ्या, पण पाणी नाही. त्यातल्या तिरप्या रेषा केंद्रातून बाहेर भिरकावल्यासारख्या जातात आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आठवण करून देतात. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. उंच चौथऱ्यावर चढवलेले पुतळे बघायची सवय असलेल्या आपल्या शहरात ही चार माणसं आवारातच असल्यासारखी भेटतात, मुलं त्यांच्या शेजारी बसून डबा खातात. फूकोचा लंबक इथे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा पुरावा त्यातून डोळ्यांसमोर घडताना दिसतो. आवारात पुढे ‘पुलस्त्य’ नावाची विज्ञान शोधिकाही झाली. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, आणि या नावात ‘पुल’ आहेत, कारण पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून तिथे कितीतरी मुलांना विज्ञान शिकवलं. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांनी विज्ञान सोपं करून मराठीत आणलं आणि त्यांच्या संस्थेची इमारतही शब्दांविना तेच करते.

वास्तूतून विश्व दाखवण्याची हीच कल्पना कोरियांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात वेगळ्या रूपात वापरली. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेलं जयपूर नऊ चौरसांच्या आराखड्यावर बेतलं होतं आणि डोंगर आडवा आल्याने त्यातला एक चौरस सरकवावा लागला होता. कोरियांनी कला केंद्रासाठी तेच नऊ चौरस घेतले. प्रत्येक ३० मीटरचा, भोवती ८ मीटर उंच भिंती, आणि एक चौरस जागेवरून हलवून तिथून प्रवेश दिला. प्रत्येक चौरस एका ग्रहाचा. गुरूच्या घरात ग्रंथालय, शुक्राच्या घरात नाट्यगृहं, चंद्राच्या घरात उपाहारगृह. आणि मधलं सूर्याचं घर रिकामं. तिथे फक्त पायऱ्या आणि वर आभाळ. भिंतींना जयपूरच्या किल्ल्या-महालांना शोभणारा लाल दगड आहे आणि ग्रहांची चिन्हं दगडातच जडवली आहेत.

नवग्रहांचा हा वापर काही आधुनिक वास्तुरचनाकारांना त्या काळी खटकला. परंपरेची चिन्हं वरून चिकटवली, असा त्यांचा आक्षेप. जयपूरमध्ये प्रत्यक्ष फिरताना तो फारसा टिकत नाही. प्रत्येक ग्रहाच्या घराचा घाट वेगळा आहे, एका घरातून दुसऱ्यात जाताना उजेड बदलतो, वाट अरुंद होते आणि अचानक सूर्याच्या मोकळ्या चौकात आणून सोडते. ग्रहांची माहिती नसलेला माणूसही हा बदल अंगावर अनुभवतो. मात्र राजस्थानातल्या उन्हाळ्यात दुपारी या चौकात जाऊ नये. दगड तापलेला असतो. संध्याकाळी तिथे गाण्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम असेल तर पायऱ्या भरतात, आणि तीच त्या जागेची खरी वेळ.

दिल्लीत दोन ठिकाणं पुरेत. भैरों मार्गावरचं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय खेड्यातल्या गल्लीसारखं आहे. एक वाट, तिच्या बाजूंना अंगणं, आणि अंगणांतून डोकावणारी दालनं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवर चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांचं भलंमोठं झाड आहे, काळा कडप्पा आणि पांढरा मकराणा संगमरवर यांत जडवलेलं. फांद्यांच्या सावल्या भिंतीवर पसरल्यासारखं ते दिसतं. रस्त्यावरूनही ते मनसोक्त बघता येतं.

कोरियांच्या काही महत्त्वाच्या वास्तू बघता येणार नाहीत. अहमदाबादचं ‘ट्यूब हाउस’ हे अरुंद, लांबट, वारा स्वतःतून खेळवणारं छोटं घर १९९५ मध्ये पाडलं गेलं. कमी खर्चातल्या घराचा तो नमुना होता आणि तो वाचवला गेला नाही ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे. पेडर रोडवरून दिसणारी २८ मजली कांचनजंगा खाजगी आहे, तिच्या फाटकातून आत शिरता येत नाही. तरी रस्त्यावर उभं राहून तिचे कोपरे बघण्यासारखे आहेत. मुंबईत वारा आणि समुद्र दोन्ही पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून ८४ मीटर उंचीच्या इमारतीच्या कोपऱ्यांत कोरून बसवला. १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. त्यानंतर मुंबईत शेकडो मनोरे उठले, पण वारा आणि पावसाचा इतका विचार केलेले त्यांत फार थोडे निघतील.

श्रीमंतांच्या या मनोऱ्याच्या जोडीनेच कोरिया बेलापूरला अगदी वेगळ्या माणसांसाठी घरं आखत होते. मुंबईची गर्दी उत्तरेकडेच सरकत राहण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर व्हावं, ही कल्पना त्यांनी, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकात मांडली. त्यातूनच नवी मुंबई झाली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. सीबीडी बेलापूरचं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ १९८० च्या दशकातलं. आठ मीटरच्या एका चौकाभोवती सात घरं. अशा तीन चौकांची मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यात सामाईक असा बारा मीटरचा मोठा चौक. मग असे चौक जोडत जोडत साडेपाच हेक्टरच्या आत सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वस्ती. प्रत्येक घराला उघडं अंगण. शेजाऱ्याची भिंत आणि आपली भिंत एक नाही, त्यामुळे पैसे साठले की ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. लहान आणि मोठ्या प्लॉटमधला फरकही मुद्दाम थोडाच ठेवला, म्हणजे एकाच चौकात कमी पगाराचा आणि बऱ्या पगाराचा माणूस शेजारी राहू शकेल.

आज तिथे मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. बऱ्याच घरांवर मजले चढले, काही पाडून नवी बांधली गेली, रंग बदलले. काही जाणकारांना त्याचं वाईट वाटतं. पण घरं वाढावीत हेच तर आराखड्यात होतं, आणि चौक टिकून आहेत. लोकांची वस्ती आहे, संग्रहालय नव्हे, त्यामुळे कुणाच्या दारात कॅमेरा रोखू नये. गल्लीतून चालत चौकाचौकांतून फिरलं तरी घरं लहान असताना मोकळीक कुठून येते ते समजतं.

शेवटचं ठिकाण लांबचं आहे, पण लिस्बनला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या हल्ली वाढते आहे. तेजो नदी अटलांटिकला मिळते तिथे, बेलेमच्या बुरुजापासून जवळच, शांपालिमो संशोधन केंद्र ५ ऑक्टोबर २०१० रोजी उघडलं. कर्करोग आणि मेंदूवर तिथे संशोधन आणि उपचार होतात. प्रयोगशाळांत अर्थातच कुणालाही जाता येत नाही. पण दोन इमारतींच्या मधून कोरियांनी १२५ मीटर लांबीची तिरकी वाट काढली आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. वाट हळूहळू चढत जाते, त्यामुळे चालणाऱ्याला समोर फक्त आकाश दिसतं. माथ्यावर दोन उंच दगडी खांब आणि त्यांच्या पलीकडे पाण्याचं तळं, ज्याची कड समुद्राच्या पाण्याला टेकल्यासारखी भासते. नदीकडेला खुल्या रंगमंचाच्या पायऱ्या आहेत. १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं याच बेलेमहून निघाली होती आणि पुढे गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य राहिलं. मूळ गोव्याच्या घराण्यातल्या वास्तुरचनाकाराला ऐंशीव्या वर्षी नेमक्या त्या किनाऱ्यावर बांधायला मिळालं, आणि तिथेही त्याने नदीची बाजू लिस्बनच्या लोकांना चालायला मोकळी ठेवली.